मास्कवरची काजळी

तिच्या खोलीत सूर्य बटण दाबल्यावर उगवत असे. खोलीला खिडकी नव्हती, भिंती काळ्या रंगवलेल्या होत्या आणि छताला टांगलेल्या पेटीतल्या दिव्याला एकच काम नेमून दिलेलं होतं: निरभ्र आकाशातून भर दुपारी जमिनीवर जेवढं ऊन पडतं तेवढंच ऊन एका हातरुमालाएवढ्या जागेवर रोज, सारखं, न कंटाळता पाडणं. बाहेर ढग असोत की धुकं, आतलं ऊन ठरलेलं. संशोधन केंद्रात कोणीही नवा सौरघट बनवला की तो अखेर या खोलीत येई, या उन्हाखाली ठेवला जाई, आणि पडलेल्या उजेडातला कितवा भाग त्याने विजेत बदलला हे ती सांगे. माणसं आशा घेऊन येत आणि आकडा घेऊन जात. आकडा बहुधा आशेहून लहान असे. त्यामुळे केंद्रात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि शेवटी तिचे सासरेसुद्धा.

सासरे त्याच केंद्रात, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, सौरघट बनवत. ते निवृत्त झाल्याला बराच काळ लोटला होता. निरोपाची भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या वेळी कामावर हजर झाले. कोणी हटकलं नाही. त्यांच्या खोलीत एक पोलादी टाकी होती. तिच्यातली हवा काढून घेऊन ते काचेच्या लहानशा तुकड्यावर एकावर एक पातळ थर चढवत. त्या टाकीची घरघर इतकी जुनी होती की ती बंद पडली तरच लोकांना ऐकू येई.

पण खोल्या काही रबराच्या नसतात. नव्या लोकांचा एक गट जागेसाठी ताटकळत होता, आणि संचालकबाईंनी एके दिवशी सासऱ्यांना बोलावून सरळ सांगितलं होतं: त्यांचा नवा घट पंचवीस टक्क्यांच्या वर गेला तर खोली आणखी काही वर्षं त्यांची, नाही गेला तर या महिन्याअखेर रिकामी करायची. पंचवीस टक्के म्हणजे पडलेल्या उजेडाचा चौथा हिस्सा. त्या जातीचा घट या केंद्रात तिथवर कधीच पोचला नव्हता.

"मोजायचं कोणी?" सासऱ्यांनी विचारलं होतं. "ती माझी सून आहे. लोक बोलतील."

"फूटपट्टीनेच," बाई म्हणाल्या होत्या. "ती सासऱ्यांना सूट देईल असं या इमारतीत कोणालाही वाटत नाही."

हे कौतुक होतं की टोमणा, हे तिने अजून ठरवलं नव्हतं.

त्या सकाळी सासरे शीळ घालत आले. शीळ घालणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी काचेचा तुकडा ठेवलेली डबी तिच्या टेबलावर ठेवली आणि आवाज शक्य तितका सपाट ठेवून म्हणाले, "माझ्याकडे पंचवीस पूर्णांक आठ आलंय."

"किती वेळा मोजलंत?"

"येतो तेवढा येतो, परत परत काय मोजायचं?" मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी दुरुस्ती केली. "दोनदा. दोन्ही वेळा तेच."

"आणि आईंना सांगून मोकळे झालात?"

"काल जेवताना सहज निघालं."

सहज निघालेली गोष्ट सासूबाईंच्या शिलाईच्या दुकानातून गल्लीभर झाली असणार, यात तिला शंका नव्हती. सासूबाई माप घेताना गिऱ्हाइकाला हलू देत नसत, आणि न हलणाऱ्या माणसाला ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं.

तिने घट दिव्याखाली ठेवला, त्यावर आपला मास्क बसवला आणि सूर्य लावला.

मास्क म्हणजे मधोमध लहान भोक असलेला काळा पत्रा. नवख्यांना त्याचं नेहमी हसू येतं: उजेड मोजायचा, तर तो अडवायचा कशाला? कारण असं की घट हा काचेवरचा नखाएवढा ठिपका असतो, काच त्याच्याहून बरीच मोठी असते, आणि ठिपक्याच्या आजूबाजूला पडलेला उजेड काचेतल्या काचेत आडवा सरकत घटापर्यंत पोचतो. हिशेब मात्र ठिपक्याच्या आकाराने करायचा. म्हणजे शेजारच्या ताटातले घास खायचे आणि सांगायचं की आपल्या ताटात एवढंच होतं. भोक ज्या मापाचं, तेवढाच उजेड आत सोडला की ही चोरी थांबते.

पडद्यावर आकडा आला. तेवीस पूर्णांक एक.

तिने घट काढला, पुसला, पुन्हा बसवला. तेवीस पूर्णांक एक. दिवा थोडा म्हातारा झाला असेल म्हणून तिने तो कपाटातल्या खुणेच्या घटावर ताडून पाहिला. तो घट वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आला होता, आणि आजही त्याने तेच दिलं. मग तिने तिसऱ्यांदा मोजलं.

सासरे दारातल्या स्टुलावर बसले होते. "काय म्हणते फूटपट्टी?"

"बाबा, जरा आत येऊन बसा."

"आत येऊन बसा, म्हणजे कमी आलं."

"तेवीसच्या थोडं वर."

ते रागावले नाहीत. चाळीस वर्षं निसर्गाकडून नकार ऐकलेल्या माणसाला सुनेच्या नकाराचा राग येत नाही. त्यांनी फक्त सदऱ्याच्या खिशातून रुमालाची घडी काढली, उलगडली आणि आपला मास्क पुढे केला. तो त्यांनी विद्यार्थी असताना स्वतः कापला होता. लग्नाच्या आधीपासून तो त्यांच्यापाशी होता, आणि मास्क की बायको, अधिक विश्वासू कोण, यावरून घरात अधूनमधून चकमक उडे.

"तुझा दिवा, माझा मास्क," ते म्हणाले. "बघ."

तिने बघितलं. पंचवीस पूर्णांक आठ.

"म्हणजे तुझ्या मास्कात खोट," सासरे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका उजळला की तिला खाली बघावं लागलं. "भोकात धूळ अडकली असेल. होतं कधी कधी."

"असेल. दोन्ही ठेवून जा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहते."

"पाहा, पाहा. हातच्या कांकणाला आरसा कशाला." आणि ते शीळ घालत गेले.

दोन मास्क इतकी वर्षं एकमेकांशी जुळत आले होते. आज जुळत नव्हते, म्हणजे दोहोंपैकी एक बदलला होता. तिने आधी आपला तपासला, कारण स्वतःचा मास्क निर्दोष आहे असं गृहीत धरण्याचा मोह तिलाही होता. भोक स्वच्छ होतं, माप बरोबर होतं. मग तिने सासऱ्यांचा भिंगाखाली सरकवला.

त्याचंही माप बरोबर होतं. पण पत्रा जाड होता, आणि तिरका उजेड अडू नये म्हणून त्यांनी तरुणपणीच भोकाची वरची कड कानसीने उतरती करून घेतली होती, फनेलच्या तोंडासारखी. त्या उतारावरून उजेड घरंगळून आत जाऊ नये यासाठी त्यांनी सगळा पत्रा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काजळीने काळा केला होता. इतरांनी पुढे काळे रंग वापरले. ते काजळीलाच धरून राहिले. काजळीइतकं काळं दुसरं काही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते फारसं चुकीचं नव्हतं.

आता त्या पत्र्यावर काजळीचा कणही नव्हता. भोकाभोवतीची उतरती कड आरशासारखी झळकत होती, आणि भोकाच्या वाट्याला न येणारा उजेडही चहूबाजूंनी गोळा करून आत ओतत होती. वरच्या पृष्ठभागावर बारीक, गोलाकार, एकात एक गुंतलेले ओरखडे होते. त्यांच्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली. असे ओरखडे तिच्या ओळखीचे होते. घरातल्या प्रत्येक पातेल्याच्या बुडाला ते होते.

संध्याकाळी घरी आल्यावर ती थेट स्वयंपाकघरात गेली. सासूबाई दुकान बंद करून आल्या होत्या आणि भाजी चिरत होत्या. गळ्यात अजून मापाची फीत लटकत होती.

"आई, बाबांचे सदरे धुताना तुम्ही खिसे तपासता ना?"

"तपासले नाही तर यंत्रात स्क्रू फिरतात. मागे एकदा चिमटा निघाला होता."

"कधी एक छोटा पत्रा निघाला? मधे भोक असलेला?"

"तो काळा? निघाला की. मेलं काय माखलं होतं त्याला, हात काळे झाले माझे. तारेच्या घासणीने चांगला लख्ख केला आणि इस्त्रीच्या सदऱ्यात परत ठेवला." त्यांनी सुरी थांबवली. "का गं?"

"काही नाही. सहज."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. चेहरा बघ तुझा."

मापाच्या बाबतीत तिने आजवर कोणाला खोटं सांगितलं नव्हतं. पण हा प्रश्न मापाचा नव्हता, आणि अशा प्रश्नांत तिचा सराव बेताचाच होता. तिने सगळं सांगितलं: काजळी कशासाठी असते, ती गेल्यावर काय होतं, पंचवीस पूर्णांक आठ हा आकडा कुठून आला आणि खरा आकडा किती. सासूबाई ऐकत राहिल्या. त्यांनी भाजीचे चिरलेले तुकडे पुन्हा एकदा बारीक चिरले.

"म्हणजे खोली जाणार."

"बाईंनी अट घातली आहे."

"आणि माझ्या घासणीने त्यांना आधी उंच चढवलं, आता खाली आपटणार."

"घासणीने आकडा फुगला, आई. घट होता तेवढाच आहे. तुम्ही काही मोडलं नाही."

सासूबाईंनी ओट्याला पाठ टेकवली. गळ्यातली फीत त्या बोटाला गुंडाळू लागल्या. "तू तो आकडा तसाच दिलास तर?"

"तर खोली राहील. कोणी विचारणारही नाही."

"हं."

बाहेरच्या खोलीत मुलगा, म्हणजे तिचा नवरा, दवाखान्यातून येऊन बूट काढत असल्याचा आवाज आला. तो दंतवैद्य होता आणि दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगून थकलेला असल्यामुळे घरी कोणाला बोलतं करण्याच्या भानगडीत पडत नसे. सासूबाईंनी आवाज खाली आणला.

"माझ्याकडे बायका येतात. कंबर मोजली की विचारतात, किती भरली? मी दोन बोटं कमी सांगते. खूष होतात बिचाऱ्या. पण कापड मात्र खऱ्या मापाने कापते. सांगितलेल्या मापाने कापलं, तर पहिल्यांदा खाली बसल्या की टराटरा उसवेल, आणि तेही चारचौघांत." त्या सुरीकडे परत वळल्या. "तू सांग त्यांना. जरा गोडीत सांग. पण कापायचं ते खऱ्या मापाने काप."

"सांगते."

"आणि एक. मी घासला हे सांगू नकोस. आकडा गेल्याचं दुःख ते पचवतील, त्याची त्यांना सवय आहे. पण चूक माझी आहे कळलं की माझ्यावर चिडायचं नाही म्हणून ओठ शिवून बसतील आठवडाभर. मला ते ओठ बघवत नाहीत."

तिने कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी ती सासऱ्यांच्या खोलीत गेली तेव्हा टाकीची घरघर चालू होती आणि ते खिडकीत उभे राहून चहा पीत होते. गोडीत कसं सांगायचं याची तिने वाटेत तालीम केली होती. प्रत्यक्षात ती म्हणाली, "बाबा, मास्क तुमचा चुकतोय."

त्यांनी कप खाली ठेवला. ती त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी घेऊन आली. त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि चाकी फिरवून कड स्पष्ट केली. पहिल्यांदा "अरे" म्हणाले. मग मास्क हळूच सरकवून त्यांनी वरचे ओरखडे पाहिले, आणि त्यांचा हात थांबला. चाळीस वर्षं त्याच स्वयंपाकघरात जेवलेल्या माणसाला ती नक्षी कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"चकाकी मला दिसली होती," ते भिंगातून डोळा न काढता म्हणाले. "बसवताना. वाटलं, वा, आज कसा स्वच्छ दिसतोय."

"दिव्याखाली सगळंच चकाकतं."

"सबब शोधून देऊ नकोस. आकडा बावीस आला असता तर मी काय केलं असतं? दिवा तपासला असता, तारा तपासल्या असत्या, मास्क धुऊन, पुसून, उलटापालटा करून पाहिला असता. तीन दिवस झोपलो नसतो. पंचवीस आला, तर जेवताना सांगून मोकळा झालो." ते सरळ उभे राहिले. "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं माणसांच्या बाबतीत म्हणतात. आकड्यांचंही तेच आहे. नकोशा आकड्याची आपण झडती घेतो. बाब्याचे खिसे कोण तपासतं?"

"घरी तपासतात," असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं.

"एक गोष्ट," सासरे म्हणाले. "हे कसं झालं ते घरी बोलायचं नाही. तिला कळलं तर मनाला लावून घेईल, आणि दिवसभर माझ्या मागे मागे फिरून विचारत राहील, रागावला नाही ना, रागावला नाही ना. त्यानेच मला राग येतो. कड झिजली होती, असं मी सांगेन."

तिने हेही कबूल केलं. एकाच गोष्टीची दोन गुपितं होती, दोन्ही तिच्याकडे ठेवायला दिलेली, आणि दोन्ही ज्यांच्यापासून लपवायची त्यांना आधीच ठाऊक. मोजमापाच्या कामात असा प्रसंग येत नाही.

संचालकबाईंकडे ते स्वतः गेले. "माझा आकडा चुकीचा होता, हिचा बरोबर आहे," एवढंच म्हणाले. बाईंनी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत. बाईंना वाईट वाटलं, हे स्पष्ट दिसत होतं. त्यांनी दोनदा चष्मा काढून पुसला. पण नवा गट थांबला होता आणि अट अट होती.

"घट वाईट नाही हो," त्या म्हणाल्या.

"घट उत्तम आहे," सासरे म्हणाले. "फक्त पंचवीसचा नाही."

बाहेर आल्यावर जिन्यात ते थांबले. तिला वाटलं, दम लागला. पण ते विचार करत होते. "उत्तम आहे, असं मी अब्रू राखायला म्हणालो का गं? तुला काय वाटतं?"

हा प्रश्न मोजण्याजोगा होता, त्यामुळे तिला हायसं वाटलं. "काजळी गेल्याने प्रवाह फुगला होता. व्होल्टेज नाही फुगलं. ते दोन्ही मास्कांनी जवळपास तेवढंच दाखवलं, आणि तुमच्या आधीच्या कुठल्याही घटाहून ते जास्त आहे. मी काल जुने सगळे ताडून पाहिले."

"जास्त आहे?"

"बरंच. बाबा, तो घट अजून तुम्ही उलटा चालवून पाहिलेला नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की पंचवीसच्या आनंदात ते हे साफ विसरले होते.

आवराआवरीच्या दिवशी सासूबाई आल्या. काचेच्या वस्तू बांधायच्या म्हटल्यावर त्यांचा दुसऱ्या कोणावर भरवसा नव्हता. त्यांनी दुकानातून चिंध्यांचं गाठोडं आणलं होतं आणि एकेक बाटली तान्ह्या बाळासारखी गुंडाळून खोक्यात ठेवायला घेतली होती. टाकी बंद झाली होती. येणारेजाणारे दारात थबकून कान देत आणि काय ऐकू येत नाही हे उमगलं की मान खाली घालून पुढे जात. सासरे काही न करता मधोमध उभे होते. लग्नघरात नवऱ्या मुलाच्या बापाला कोणी काम देत नाही, तसं त्यांचं झालं होतं.

"आई, हे राहू दे. दहा मिनिटं माझ्या खोलीत चला," सून म्हणाली. "बाबा, तुम्हीसुद्धा."

काळ्या खोलीत तिने दोघांना टेबलापाशी बसवलं, घटाला दोन तारा जोडल्या आणि दिवे मालवायच्या आधी थांबली. "बाबा, सांगा ना आईंना. हा कसा चालतो."

"तिला चाळीस वर्षं सांगतोय."

"आणि मला चाळीस वर्षं कळत नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "दोघांपैकी कोणाची तरी चूक असणार."

सासरे खाकरले. "बरं. या थरात इलेक्ट्रॉन आपापल्या जागी बसलेले असतात. गच्च. हलायला वाव नाही. मग उजेडाचा एक कण येतो आणि त्यातल्या एकाला धक्का देऊन वरच्या मजल्यावर उडवतो. खाली त्याची जागा रिकामी पडते."

"मग तो परत येऊन बसेल."

"त्याला यायचंच असतं. आम्ही काय करतो, थराच्या दोन अंगांना दोन दारं ठेवतो. एका दारातून फक्त वर उडालेला इलेक्ट्रॉन बाहेर जातो. दुसऱ्यातून फक्त रिकामी जागा. एकदा या दारातून बाहेर पडला की मागे फिरता येत नाही. आता त्याला घरी जायचं तर एकच वाट उरते: तारेतून बाहेर, सगळा वळसा घालून, दुसऱ्या दाराने. त्या वाटेवर आपण पंखा ठेवतो, दिवा ठेवतो. त्याला घरी जायची ओढ असते, तिच्यावर आपलं काम होऊन जातं. एवढीच वीज."

सासूबाईंनी विचार केला. "दुसऱ्याच्या घरी जायच्या ओढीवर फुकट काम करून घ्यायचं. हे मला आधी का नाही सांगितलंत? मी हे रोज करते, कारागीर पोरींकडून."

"आणि दारापर्यंत पोचण्याआधीच काही जण पडतात," सून म्हणाली. "थरात बारीक खड्डे असतात. त्यात पडला की इलेक्ट्रॉन गपकन खाली येतो आणि त्याची सगळी ताकद नुसती उष्णता होऊन जाते. बाबांनी आयुष्यभर काय केलं, तर ते खड्डे बुजवले."

"सगळे बुजले का?"

"तेच बघायला तुम्हाला बोलावलंय. आता तारेतून आपणच वीज आत ढकलायची. इलेक्ट्रॉन वरच्या मजल्यावर जातील आणि दारं नाइलाजाने उलटी वापरली गेल्यामुळे आतच खाली पडतील. खड्डे असतील तर उष्णता होईल, काही दिसणार नाही. खड्डे नसतील, तर एरवी ज्याने वर उडवलं असतं तेच परत देतील."

"उजेड?"

तिने दिवे मालवले.

आधी फक्त काळोख होता. डोळे सरावायला वेळ लागतो, हे दोघा जाणत्यांना माहीत होतं, त्यामुळे ते वाट पाहत राहिले. सासूबाईंनी काळोखात कोणाचा तरी हात शोधला. मग टेबलावर, जिथे काचेचा तुकडा होता तिथे, नखाएवढा एक ठिपका दिसू लागला. गडद लाल होता, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा, डोळ्याला जेमतेम कळेल एवढाच. पण निखारा कुठे लाल, कुठे काळा असतो. हा सगळीकडे सारखा होता. एकही डाग नव्हता.

 सासऱ्यांचा श्वास ऐकू येत होता.

"आधीचे असे लागायचे?" सासूबाईंनी हलक्या आवाजात विचारलं.

"नाही," सासरे म्हणाले. "आधीचे लागायचेच नाहीत. चांगला घट आतून चांगला दिवा असावा लागतो. तसा कधी जमला नव्हता."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही दिवा बनवत होतात. आणि मला सांगत होतात, वीज."

"एकच आहे ते."

"आता कळलं ना." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "पंचवीस नाही, म्हणे. दिसतोय तर चांगला."

 लाल ठिपका किती टक्क्यांचा हे सुनेला माहीत होतं, आणि सासऱ्यांची खोली गेलीच होती. त्यात काही बदलणार नव्हतं. पण एवढ्या मापाचं दुसरं काही या खोलीत कधी उजळलेलं तिने पाहिलं नव्हतं, हेही तितकंच खरं होतं. दिवे लावायला तिने नेहमीपेक्षा उशीर केला.

खोकी बांधून झाली. टाकी नव्या गटाला मिळाली, बाटल्या कपाटांत गेल्या, आणि सासऱ्यांच्या वाट्याला सुनेच्या काळ्या खोलीतला एक कोपरा आला. संचालकबाईंनी तिकडे काणाडोळा केला. तिथे घट बनवता येत नाहीत. पण इतरांचे घट उलटे चालवून कुणाच्या थरात कुठे खड्डा आहे हे काळोखात बसून सांगता येतं, आणि त्या कामाला त्यांच्याइतका सरावलेला डोळा इमारतीत दुसरा नव्हता. केंद्रातल्या तरुणांना पुढे पुढे फूटपट्टीपेक्षा या कोपऱ्याची भीती वाटू लागली.

त्याआधीची एक गोष्ट राहिली. आवराआवरीनंतरच्या रविवारी, सकाळच्या चहाच्या वेळी, सासऱ्यांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर मेणबत्ती लावली. चिमट्यात मास्क धरला आणि ज्योतीच्या टोकाशी नेऊन हळूहळू फिरवू लागले. पत्र्याची चकाकी कडेपासून विझत गेली. नवऱ्याने वर्तमानपत्रातून मान वर काढली, धूर पाहिला आणि पुन्हा आत घातली. सून चहा गाळत होती. सासूबाई ओट्यापाशी पातेलं घासत होत्या, आणि तारेच्या घासणीचा आवाज मधेच थांबला.

"झिजलेली कड काजळीने भरून येते वाटतं?" त्यांनी पाठ न वळवता विचारलं.

"येते थोडी," सासरे म्हणाले.

पुन्हा घासणीचा आवाज सुरू झाला. सुनेने गाळणं ठेवलं आणि उगाचच कपांची मांडणी बदलली. सासऱ्यांनी मास्क उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला, भोकाची कड विशेष निरखली. आता तिच्यावर काहीच दिसत नव्हतं.

"हा आता घासायचा नाही," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते त्यांनी सांगितलं नाही.

"मग खिशात ठेवायचा नाही," सासूबाई म्हणाल्या.